पोरकं करडू बाटलीवर कसं वाढवायचं आणि पुन्हा कळपात कसं सोडायचं

मोहोळ, बार्शी, सांगोला, कुठंही जा, दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या दिसतातच. ही शेळी बऱ्याचदा जुळी देते, कधी तिळीही. विताना शेळी दगावली किंवा तिळ्यांतल्या एकाला तिनं जवळच केलं नाही, की ते करडू घरच्यांच्या हातात येतं. नीट सांभाळलं तर ते जगतं. मात्र पहिल्या दिवसापासून एक पक्कं ठेवा: त्याला शेळी म्हणून वाढवायचंय. लेकरासारखं घरात वाढवलेलं करडू पुढं कळपात रमत नाही.

आधी दुसरी आई बघा

आपल्याकडं किंवा शेजारी नुकतीच व्यालेली शेळी असेल तर तिच्याखाली लावून बघा. शेळी पिलाला वासावरून ओळखते. म्हणून तिच्या वारेचा ओलावा या करडाच्या अंगाला चोळा, तिला आखूड बांधा आणि पाजून घ्या. तिनं घेतलं तर निम्मं काम झालं. नाही घेतलं तर बाटली आहेच.

पहिले काही तास

करडू कोरडं पुसा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. मग त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर लगेच दूध पाजू नका, गारठलेल्या पिलाला ते पचत नाही. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, बाजूला कोमट पाण्याची बाटली ठेवून आधी ऊब द्या. सुगीच्या थंडीत तर हे फार जपायला लागतं.

त्यानंतर चीक. तो पहिल्या एक-दोन तासांत पोटात गेला तर उत्तम, सहा तासांच्या पुढं तर जाऊच देऊ नका, कारण रोगाशी लढायची ताकद करडाला त्यातूनच मिळते. शेळीचा नसेल तर गाईचा चालतो. कोमट करा, उकळू नका. अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात साधारण 250 मिली चीक पाच-सहा वेळा विभागून द्या.

दूध पाजताना

सर्वांत जास्त करडं इथं गमावली जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते. करडाला मांडीवर उताणं घेऊन कधीच पाजू नका. ते चार पायांवर उभं हवं, मान थोडी वर आणि पुढं, आईच्या कासेला तोंड लावताना असते तशी. अशा स्थितीत चोखलं की दूध मोठ्या पोटात न साचता थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात जातं. उताणं पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बुचाचं भोक लहान ठेवा. बाटली उलटी धरली तर थेंब पडावा, धार लागू नये. करडू शेपटी फडफडवत बाटलीला ढुशा द्यायला लागलं की समजा, जमलं.

चिकानंतर रोज वजनाच्या दहा ते पंधरा टक्के दूध द्या. पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा, पुढं तीन, मग दोन. दूध शेळीचं किंवा गाईचं असावं. म्हशीचं जड पडतं. हावरटपणानं मागतंय म्हणून वाढवू नका, जास्त दुधानं हगवण लागते. बाटली आणि बूच दर वेळी गरम पाण्यानं धुवा. आपल्या उन्हाळ्यात उरलेलं दूध लवकर नासतं, ते पुन्हा पाजू नका.

चारा लावताना

दुसऱ्या आठवड्यापासून शेवरीची किंवा बोरीची डहाळी डोक्याच्या उंचीला टांगा. करडू आधी नुसतं कुरतडतं, मग खायला लागतं, आणि त्यानंच त्याचं मोठं पोट तयार होतं. शिळी भाकरी आणि ज्वारीचे दाणे मायेपोटी दिले जातात. ते जास्त झाले की पोट बिघडून जनावर मरतं. ज्वारीच्या खोडव्याच्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, तिकडं फिरकू देऊ नका.

सोडताना

सोडायची तयारी पहिल्या आठवड्यातच सुरू होते. करडू घरात नको, गोठ्यात इतर करडांसोबत ठेवा. पोरांना सांगा, बोकडाच्या कपाळाला तळहात लावून ढकलायचा खेळ खेळायचा नाही. आज गंमत वाटते, पण मोठा झाल्यावर तोच बोकड माणसाला टक्कर मारून पाडतो.

तीन महिन्यांच्या सुमारास, चारा भरपूर खायला लागलं की, दूध आठ-दहा दिवसांत हळूहळू तोडा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, जंतनाशकही. मग काही दिवस गरीब स्वभावाच्या थोराड शेळीशेजारी बांधा आणि नंतर संध्याकाळच्या चरणीला थोडा वेळ कळपाबरोबर न्या. मागं फिरून तुमच्याकडं आलं तरी हातानं खाऊ देऊ नका. हे जड जातं, पण त्याच्या भल्याचंच आहे.

दुसऱ्याला द्यायचं असेल तर शेळ्या असलेल्या घरीच द्या आणि जमलं तर जोडीनं. लसीच्या तारखा आणि सवयीचा चारा सोबत पाठवा.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवा. खोल लागली तर थोरल्या शेळ्या त्याला गव्हाणीवर उभं राहू देत नाहीत, वेगळं टोपलं मांडा. हगवण लागली किंवा चारा सोडला तर वाट न बघता 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा.