खडखडणारी ट्रान्स्फर केस घरच्या घरी कशी बांधावी

ट्रान्स्फर केस बांधायला फार ताकद लागत नाही. सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचे दोन चांगले चिमटे, बेअरिंग ओढून काढायचा एक पुलर, ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क रेंच, फट मोजायचा फीलर गेज आणि दोन-तीन दिवस पसारा तसाच पडू देणारं घर, एवढं पुरतं. फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सच्या पाठीमागे बसलेली ही पेटी इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये वाटते. लो रेंज लावली की वेग कमी करून जोर वाढवते. काहींमध्ये हे काम निव्वळ गिअर करतात, तर काहींमध्ये पुढच्या शाफ्टला जाड चेन फिरवते. इथे मी मुख्यतः चेनवाल्या, गरजेपुरतं फोर-व्हील लावायच्या केसबद्दल लिहितोय.

आधी आवाज ओळखा

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि तरी घरघर येतेय? मग ट्रान्स्फर केसला हात लावू नका, त्या वेळी तिला काही फिरवतच नाही. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर दोष गिअरबॉक्समध्ये शोधा.

टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) वेगाबरोबर चढत जाणारी घूं म्हणजे बहुधा बेअरिंग. ते पुढच्या शाफ्टचं आहे की मागच्या, हे कळायला सोपी युक्ती आहे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (केसपासून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढून ठेवा आणि टू-व्हीलमध्येच चक्कर मारा. ज्या गाड्यांना पुढचे हब मोकळे करता येत नाहीत, त्यांत टू-व्हीलमध्येही पुढची चाकंच तो शाफ्ट आणि चेन फिरवत असतात. शाफ्ट काढल्यावर आवाज गेला, तर संशय शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळता सांधा), पुढचा डिफरन्शियल किंवा केसमधलं पुढचं बेअरिंग यांच्यावर येतो. नाही गेला, तर इनपुट किंवा मागचं बेअरिंग.

फक्त फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, लो रेंज न लावता), अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ‘खटाक’ होत असेल तर चेन ढिली पडून दातावरून उडी मारतेय. फक्त लोमध्ये रडणं थोडंफार स्वाभाविक आहे. खरखर किंवा लोमधून आपोआप सुटणं मात्र नाही. आणि चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत ना, तेही पाहा. टायर कमी-जास्त असतील तर डांबरी रस्त्यावर फोर-हाय लावल्यावर सगळी यंत्रणा आवळली जाते, आणि माणूस उगाच केस खोलून बसतो.

तेल काढताना

तेल भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच खालचा काढा. तेल सांडून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकल्याचं कळलं, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. तेल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि आत चुंबक असेल तर तो पुसून पाहा. काजळासारखा करडा लेप चालतो. बोटांत टोचणारा कीस किंवा चपटे तुकडे चालत नाहीत. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. तेल जेमतेम वाटीभर निघालं, तर बेअरिंग का गेलं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

गाडीखालून उतरवताना

प्रोपेलर शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये असली तरी चाकं मोकळी होतात. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही तेच होतं. काही गाड्यांचा हँडब्रेक तर केसच्या मागच्या शाफ्टवरच असतो, म्हणजे तोही गेला. म्हणून सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि गाडीखाली स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

शाफ्टच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) जुळणीची खूण रंगाने करा. टू-व्हील, फोर-व्हील हा बदल मोटरने होत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मोटर कुठल्या स्थितीत आहे ते लिहून ठेवा. गिअरबॉक्सला खालून आधार दिल्याशिवाय आडवा क्रॉसमेंबर सोडू नका. अ‍ॅल्युमिनियमची केससुद्धा 30 किलोंच्या आसपास भरते, ओतीव लोखंडाची त्याच्या दुपटीने किंवा जास्त. ती छातीवर झेलायचा उद्योग नको, दुसरा जॅक लावा.

खोलताना

बाहेरची माती आधीच धुऊन घ्या. मग मागचं एक्स्टेंशन (मागच्या शाफ्टवरचं लांबट आवरण), शाफ्टवरची सर्क्लिप, तेलाचा पंप आणि शेवटी दोन अर्धांना जोडणारे बोल्ट, या क्रमाने जा. काढलेली प्रत्येक वस्तू डावीकडून उजवीकडे, काढली त्याच तोंडाने मांडा आणि दर पायरीला फोटो काढा. सर्क्लिप उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा लावा आणि चिमट्यावर दुसऱ्या हाताने फडकं धरा. माझी एक कपाटामागे गेली आणि संध्याकाळ तिच्या शोधात गेली.

केसचे दोन अर्ध उकलायला बहुतेकदा कडेला पटाशीसाठी खाचा दिलेल्या असतात. तिथूनच उचला. जोडाच्या सपाट कडेत स्क्रूड्रायव्हर घातलात, तर त्या ओरखड्यातून पुढे तेल गळेल. डॉवेलजवळचे (दोन अर्ध नेमके जुळवणाऱ्या पिनांजवळचे) बोल्ट बऱ्याचदा वेगळे असतात, ते बाजूला ठेवा. जुनीच चेन परत घालायची असेल तर तिच्या वरच्या बाजूला खूण करा, कारण ती ज्या दिशेने झिजली त्याच दिशेने परत बसायला हवी.

काय पाहायचं

खरं काम इथे आहे, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन वाळवा, पण हवेच्या झोताने भिरभिरवू नका. दोन थेंब तेल टाका, आतली कडी बोटाने धरा आणि बाहेरची अगदी सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. खराब झालेलं दर फेरीला एकाच ठिकाणी कणभर अडखळतं, जणू आत वाळूचा एक दाणा आहे. तोच दाणा ताशी 60 किलोमीटरला घूं करतो.

नवं बेअरिंग मागवताना गाडीच्या नावापेक्षा कडीवरचा आकडा पाहा. 6207 असेल तर आतला व्यास 35 मिलिमीटर, बाहेरचा 72 आणि रुंदी 17. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, त्यामुळे पुसट आकडाही पडताळता येतो. पुढे C3 असेल तर तेही जुळवा, ती आतल्या मोकळिकेची खूण आहे. एकाच मॉडेलच्या केसमध्येही इनपुट बेअरिंगची रुंदी आणि शाफ्टचे दाते वर्षागणिक बदललेले सापडतात. म्हणून सामान केस खोलल्यावरच मागवा. केसवर धातूची चकती असेल तर तिच्यावरचा नंबरही कळवा.

चेन ढिली होती का, हे केसच सांगते. आतल्या भिंतीवर चकचकीत घासल्याच्या रेघा असतील तर चेन तिथे आपटत होती. नव्या चेनशी जुनी शेजारी ठेवून पाहा. स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दाते एका बाजूला वाकल्यासारखे झिजले असतील तर नुसती चेन बदलून भागणार नाही. गिअर सरकवणाऱ्या फोर्कवरचे प्लॅस्टिकचे पॅड झिजले की गिअर पुरता बसत नाही आणि लो सुटते. पॅड स्वस्त असतात, ते बदलूनच टाका. पंपाच्या शोषनळीची ओ-रिंग (रबरी कडी) आणि जाळीही विसरू नका. ती रिंग कडक झाली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा मी फक्त आवाज करणारं बेअरिंग बदललं, तेल अडवणारं नवीन सील लावलं आणि मिरवलो. काही महिन्यांत तीच घूं परत आली. योकवर (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या तुकड्यावर), सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे, नखाला लागेल एवढी खाच पडलेली होती आणि नवं सीलही तिथूनच पाझरत होतं. म्हणून नख फिरवून पाहा. खाच लागली तर योक बदला किंवा त्यावर पातळ स्टीलची बाही चढवा. ब्रीदरची (केसमधली हवा बाहेर सोडणारी) नळी फुंकून पाहा, कारण ती बुजली की तापलेल्या केसमधला दाब तेल सीलमधूनच बाहेर ढकलतो.

बांधताना

बेअरिंग घट्ट बसणाऱ्या कडीवरच दाब द्या. केसमध्ये घालताना बाहेरच्या, शाफ्टवर चढवताना आतल्या. दाब गोळ्यांमधून गेला तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. अ‍ॅल्युमिनियमची केस 100 अंशांच्या आसपास तापवली आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं, तर हातोडीची गरज फारशी उरत नाही. बेअरिंगमध्ये गोळ्यांऐवजी सुट्या सुया असतील तर मोजून व्हॅसलिनने चिकटवा, ते तेलात विरघळतं. सीलच्या ओठाला ग्रीस लावा, पंपात तेल भरा आणि चेनवर तेल ओता.

जोडाला सिलिकॉनची बारीक, सलग रेघ पुरे. आत पिळून निघालेला तुकडा थेट पंपाच्या जाळीत जातो. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. हाताच्या अंदाजाने अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटतात.

केस वर चढवण्याआधी टेबलावरच पाहा. टू-व्हीलमध्ये इनपुट फिरवलं की मागचा शाफ्ट बरोबरीने फिरतो. फोर-हायमध्ये दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात. न्यूट्रलला कुणालाही ताकद पोचत नाही. लो लावून इनपुटच्या फेऱ्या मोजा. 2.72 गुणोत्तराच्या केसमध्ये मागच्या एका फेरीला पावणेतीनला जरा कमी फेऱ्या पडतील. कुठे अडलं, तर ते इथेच उलगडणं स्वस्त.

केस चढवून झाल्यावर सिलिकॉन पूर्ण वाळू द्या, बहुधा एक दिवस. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल भरा. बऱ्याच चेनवाल्या केसना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल लागतं, गिअरवाल्यांना सहसा जाड गिअर ऑइल. पहिली चक्कर छोटी मारा. फोर-हाय आणि लो फक्त मातीवर किंवा खडीवर लावून बघा, मग खाली वाकून सीलजवळ ओल आहे का पाहा. शे-दोनशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा काढा. चुंबकावर थोडं काजळ दिसेलच, ते पुसा आणि नवं तेल भरा.