इंग्रजी ‘बार’ शब्दाचा नेमका अर्थ कसा ओळखावा

इंग्रजी वाचताना ‘बार’ दिसला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी मद्यालय येतं आणि तिथेच वाक्य फसतं. शब्दकोशातले सगळे अर्थ पाठ करत बसू नका. मनात एकच चित्र धरा: वाट अडवणारा आडवा दांडा.

सर्वांत आधी शेजारी आकडा आहे का ते पाहा. टायरबद्दल ‘२.२ बार’ असं लिहिलं असेल तर ते हवेच्या दाबाचं एकक. १ बार म्हणजे १,००,००० पास्कल. या ‘बार’चा दांड्याशी संबंध नाही; तो ‘वजन’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. बॅरोमीटरही त्याच घरातला.

आकडा नसेल तर शब्द क्रियापद म्हणून आलाय का ते तपासा. ‘बार द डोअर’ म्हणजे दाराला अडसर लावणं, ‘बार्ड फ्रॉम’ म्हणजे मज्जाव केलेला.

खरी गडबड नामात होते, म्हणून इथे सावकाश वाचा. अडवणाऱ्या वस्तूचं नाव हळूहळू तिच्या पलीकडच्या जागेला किंवा माणसांना चिकटतं. इंग्लंडच्या न्यायालयात मधे कठडा असे. आरोपी त्याच्यापाशी उभा राही, म्हणून तो ‘प्रिझनर ॲट द बार’. वकीलही तिथूनच बाजू मांडत, म्हणून अख्खा वकीलवर्ग ‘द बार’ झाला. तेव्हा ‘ही वॉज कॉल्ड टू द बार’ याचा अर्थ त्याला बॅरिस्टर म्हणून वकिलीची परवानगी मिळाली, एवढाच. मद्यालयाचंही तसंच: आधी पेये देण्याचा अडसरासारखा कट्टा, मग सगळी खोली. पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघेचं नाव दोन रेघांमधल्या तुकड्याला मिळालं. ही सरक एकदा लक्षात आली की अनोळखी वाक्यही उलगडतं.

साबणाची वडी, चॉकलेट, स्तंभालेख यांत फक्त दांड्याचा लांबट आकार उरलाय.

एक फसवा वापर मात्र वेगळा लक्षात ठेवाच. ‘ऑल बार वन’मध्ये ‘बार’ म्हणजे ‘वगळता’: एक सोडून बाकी सगळे.

शेवटी अडसर, मज्जाव, वकीलवर्ग, वगळता यांतला योग्य वाटेल तो शब्द घालून वाक्य मराठीत वाचा. कुठलाच बसला नाही, तर शब्दकोशात कायदा, संगीत, भौतिकशास्त्र अशी विषयाची खूण असलेली नोंद शोधा.