स्पेनला लांब मुक्कामाला निघताय? टीआरसी दोन घ्या

आरोग्यविमा, पोलिस क्लिअरन्स, मुंबईला बीएलएसची (स्पेनचे व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राची) तारीख हे सगळं एजंट सांगेलच. नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसावर, म्हणजे तिकडे काम न करता स्वतःच्या पैशावर राहायला, जाणाऱ्यांचं घोडं पेंड खातं ते कराच्या रहिवासापाशी. व्हिसा मिळाला म्हणजे तो ठरत नाही. कॅलेंडर वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस स्पेनमध्ये भरले की तुम्ही तिथले रहिवासी करदाते, आणि मग जगभरचं उत्पन्न तिथे दाखवायचं.

म्हणून पहिलं काम टीआरसीचं, म्हणजे तुम्ही भारताचे कररहिवासी आहात या प्रमाणपत्राचं. एक नव्हे, दोन. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. स्पेनचं 2026 झाकायचं तर पहिल्या तीन महिन्यांसाठी 2025-26 ची टीआरसी आणि उरलेल्या नऊ महिन्यांसाठी 2026-27 ची. एकच जोडली की बाकीचे महिने उघडे पडतात. त्यात 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, म्हणजे दोन्ही वर्षं वेगवेगळ्या कायद्यांखाली; अर्जाचा क्रमांक जुन्या लेखांतून उचलू नका, आयकर खात्याच्या पोर्टलवर बघा.

दिवाळीला महिनाभर नाशिकला येऊन गेलो, तेवढे दिवस वजा होतील, या भरवशावर राहू नका. अधूनमधूनच्या गैरहजेरीचे दिवस स्पेन स्वतःच्याच खात्यात धरू शकतं. दुसऱ्या देशाचा कररहिवास सिद्ध केलात तरच सोडतं. गंगापूर रोडच्या फ्लॅटचं वीजबिल दाखवून काही होत नाही. टीआरसी लागते. दोन.

पण ती मिळायला इथले दिवस भरलेले हवेत: आर्थिक वर्षात 182, किंवा 60 आणि शिवाय आधीच्या चार वर्षांत मिळून 365. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला 60 ऐवजी 182 ची सवलत आहे, पण या व्हिसावर नोकरी करताच येत नाही, तेव्हा ती विसरा. 1 जूनला निघालात तर एप्रिल-मेचे 61 दिवस इथे भरलेले आणि डिसेंबरअखेर तिकडे 214. दोन्हीकडे रहिवासी! मग भारत-स्पेनमधला दुहेरी कर टाळण्याचा करार बघतो कायमचं घर कुठे, त्यावर सुटलं नाही तर आर्थिक आणि घरगुती संबंध कुठे. फ्लॅट भाड्याने देऊन गेलात तर ते तुमच्या हाताशी असलेलं घर उरत नाही, हे भाडेकरू शोधायच्या आधी लक्षात घ्या. बायको-मुलं तिकडे ठेवून एकट्याने ये-जा केलीत तरी मुलं अल्पवयीन असतील तर स्पेन तुम्हाला आपलंच धरतं; उलट सिद्ध करणं तुमच्याकडे.

दिंडोरीत बाग असलेल्यांनी जास्त जपावं. "शेतीच्या पैशाला कसला कर?" हे तिकडे चालत नाही. द्राक्षांचं उत्पन्न भारतात करमुक्त, पण स्पेनच्या रहिवाशाच्या हिशेबात येतं, आणि इथे कर भरलेलाच नसल्याने वजावटीलाही काही नसतं. औषधं, खतं, छाटणीची मजुरी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. नुसता सातबारा आणि व्यापाऱ्याची कच्ची चिठ्ठी पुरत नाही.

टीआरसीचा अर्ज तुमच्या आयकर अधिकाऱ्याकडे जातो. पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती आणि रिटर्न तयार ठेवा. शेंगेनच्या सीमेवरची नवी डिजिटल नोंद अल्प मुक्कामाच्या पाहुण्यांची, लांब मुक्कामाच्या व्हिसावाल्यांची नव्हे, तेव्हा बोर्डिंग पासही जपा.

बाकी थोडक्यात. बचत खात्याचं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) कधी करायचं ते बँकेला विचारा, तो नियम फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, आयकराचा नव्हे. भारतात ‘रेसिडेंट अँड ऑर्डिनरिली रेसिडेंट’ असाल तोवर स्पेनमधलं खातं इथल्या रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शिल्लक शून्य असली तरी. तिकडचे रहिवासी झालात आणि स्पेनबाहेर खाती, गुंतवणूक किंवा घरं यांपैकी एखाद्या गटात 50,000 युरोंच्या वर असेल तर 31 मार्चपर्यंत मोदेलो 720, म्हणजे परदेशी मालमत्ता कळवायचा स्पेनचा फॉर्म. 2026 चं स्पेनचं रिटर्न 2027 च्या एप्रिल ते जूनमध्ये. इकडचं 2026-27 संपतं 31 मार्चला, म्हणजे दुसऱ्या टीआरसीला हातात जेमतेम तीन महिने. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाका.