विंडोजवर ओपनएसएसएल बिल्ड होत नाहीये? आधी 'व्हेअर' विचारा

पहिल्यांदा विंडोजवर ओपनएसएसएल ही क्रिप्टोग्राफीची लायब्ररी सोर्सपासून कंपाइल करायला बसले, तेव्हा अख्खा शनिवार गेला. सोर्समध्ये काही चूक असेल म्हणून मी फायली उघडून वाचत होते. सोर्स धडधाकट होता. बिल्डच्या स्क्रिप्ट पर्ल भाषेत असतात; मी 'पर्ल' टाइप करत होते आणि भलतंच पर्ल धावून येत होतं, एवढंच.

लागणाऱ्या गोष्टी तीन: व्हिज्युअल स्टुडिओची सी प्लस प्लस टूल्स, स्ट्रॉबेरी पर्ल (विंडोजसाठीचं पर्ल) आणि नॅझम (असेंब्ली कोडचा असेंब्लर). स्टार्ट मेनूतून 'एक्स६४ नेटिव्ह टूल्स कमांड प्रॉम्प्ट' उघडा. शेजारचा 'डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट' दिसायला तसाच असतो, पण काही न सांगता उघडला तर तो ३२ बिटचा कंपायलर हाती देतो.

आता काहीही करण्याआधी 'व्हेअर पर्ल', 'व्हेअर नॅझम', 'व्हेअर लिंक' या तीन कमांड द्या. त्या नावाच्या फायली कुठे कुठे आहेत ते 'व्हेअर' सांगतं. प्रत्येकीच्या उत्तरातली पहिली ओळ महत्त्वाची, कारण तीच फाइल चालते. माझ्याकडे पर्लच्या उत्तरात पहिली ओळ गिटच्या फोल्डरमधली होती. गिटसोबत येणारं पर्ल फायलींचे पाथ (पत्ते) युनिक्स पद्धतीचे देतं, आणि कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी ओपनएसएसएलची स्क्रिप्ट) तक्रार करतं की हे पर्ल विंडोजसारखे उलट्या स्लॅशचे पाथ देत नाही. गिटमध्ये 'लिंक' नावाचंही एक युनिक्सचं टूल आहे. गिट बॅशमधून बिल्ड करायला गेलात तर लिंकरच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या टूलच्या) जागी तेच उभं राहतं.

नॅझम इन्स्टॉल केलं म्हणजे ते 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, आलंच असं नाही. पाथ बदलल्यावर जुनी खिडकी बंद करून नवी उघडा, जुनीला बदल कळत नाही. कॉन्फिगरला 'नो-एएसएम' देऊन नॅझम टाळता येतं, पण मग एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी प्रोसेसरच्या खास सूचना वापरल्या जात नाहीत आणि वेग चांगलाच पडतो. तात्पुरतं चालेल, कायमचं नको.

बिल्ड नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करा. सोर्सच्या आत 'बिल्ड' फोल्डर काढायचा, त्यात जाऊन एक पायरी वरचं कॉन्फिगर 'व्हीसी-विन६४ए' हे टार्गेट देऊन पर्लने चालवायचं, मग एनमेक (व्हिज्युअल स्टुडिओचं बिल्ड चालवणारं टूल). हे मी ठेच लागून शिकले. 'एलएनके१११२' ही एरर आली: मॉड्यूल एक्स८६चं, टार्गेट एक्स६४चं. चुकीची खिडकी आहे हे लक्षात आलं, खिडकी बदलली, तरी तीच एरर! आधीच्या ३२ बिटच्या ऑब्जेक्ट फायली (कंपाइल झालेले तुकडे) तिथेच पडून होत्या आणि एनमेक त्यांना ताज्या समजत होतं. वेगळा फोल्डर असला की तो सरळ उडवायचा.

'यू१०७७' दिसलं तर ते गुगल करत बसू नका. कोणती तरी कमांड फसली, एवढंच एनमेक त्यातून सांगतं. खरं कारण वर कुठेतरी असतं. आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवा आणि तिच्यात सगळ्यात पहिली 'सी' किंवा 'एलएनके'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची एरर शोधा. 'सी१०८३' असेल आणि न सापडणारी हेडर फाइल स्टँडर्ड सी किंवा विंडोजची असेल, तर बहुधा विंडोज एसडीके (विंडोजच्या हेडर आणि लायब्ररींचा संच) इन्स्टॉल व्हायचं राहिलंय.

एनमेक टेस्ट वगळू नका. क्रिप्टोग्राफीची लायब्ररी 'कंपाइल झाली' म्हणजे बरोबर चालते असं नव्हे. एखादी टेस्ट पडली तर तिचं नाव 'टेस्ट्स'मध्ये आणि सोबत 'व्ही=१' देऊन तेवढीच चालवा, सविस्तर आउटपुट मिळतं.

इन्स्टॉल करताना परवानगी नाकारली तर खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, कारण डिफॉल्ट जागा प्रोग्राम फाइल्समध्ये आहे. कटकट नको म्हणून 'ओपनएसएसएलडीर' (ओपनएसएसएलच्या कॉन्फिग फाइलचा फोल्डर ठरवणारी सेटिंग) कुणालाही लिहिता येईल अशा फोल्डरवर मात्र ठेवू नका. कॉन्फिग फाइल तिथूनच वाचली जाते. २०१९ मध्ये मिंगडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) वापरून केलेल्या बिल्डच्या डिफॉल्ट पाथबद्दल नेमकी हीच त्रुटी जाहीर झाली होती.

शेवटी नव्या एक्झीला 'व्हर्जन -ए' विचारा. ३ मालिकेत पहिल्या ओळीत आवृत्ती दोनदा येते: आधी प्रोग्रामची, मग कंसात लायब्ररीची. दोन्ही जुळत नसतील तर पाथमधल्या दुसऱ्याच कुठल्या तरी फोल्डरातली जुनी 'लिबक्रिप्टो-३-एक्स६४' डीएलएल लोड होतेय. पुन्हा 'व्हेअर', यावेळी डीएलएलच्या पूर्ण नावासकट.