कोकणातल्या घरगुती सुतारखान्यासाठी ड्रम सँडर निवडताना

ड्रम सँडर म्हणजे पट्ट्यावरून पुढे सरकणारी फळी सँडपेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमने घासणारं मशीन. ते म्हणजे थिकनेसर, म्हणजे फिरत्या पात्यांनी फळी रंधून जाडी सारखी करणारं मशीन, नव्हे, हे आधी पक्कं करा. थिकनेसर एका फेरीत एक-दोन मिलिमीटर सहज काढतो. ड्रम सँडर ८० नंबरच्या पेपरवर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) ०.२ ते ०.४ मिमी काढतो, १२० वर ०.१ च्या आसपास. वखारीतली ओबडधोबड फळी थेट त्यात घातली तर वेळही जातो आणि पेपरही. पीळ असलेली फळी तर सरळ होतच नाही: दाबाचे रूळ तिला सपाट दाबतात आणि बाहेर पडली की ती पुन्हा वळते. या मशीनचं खरं काम फणसासारख्या उलटसुलट रेषांच्या लाकडात, जिथे रंधा ढलप्या उपटतो, आणि चिकटवून जोडलेल्या रुंद फळ्यांत.

रुंदी ठरवताना आपण काय बनवतो ते मोजा. पाट, देव्हाऱ्याची दारं, पोळपाटाची फळी यांना १६ इंची ड्रम पुरतो. एका बाजूने उघडं असलेलं मशीन घेतलं, तर चौरंगाची २४ इंची फळी फिरवून दोन फेऱ्यांत निघते; '१६-३२' या नावाचा अर्थ तोच: ड्रम १६ इंची, फळी फिरवून ३२ इंचांपर्यंत. मात्र उघड्या बाजूचा ड्रम दाबाने किंचित वर उचलला जातो. म्हणून मशीन दाखवतात तेव्हा एकाच जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, एक डाव्या कडेला आणि एक उजव्या कडेला, दोन्ही एकाच फेरीत घाला आणि व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजा. फरक ०.१ मिमीच्या वर गेला तर तो कोणत्या बोल्टने काढायचा, ते विक्रेत्याला तिथेच करून दाखवायला सांगा. बोल्ट हाताला येत नसेल, तर घरी तुम्ही ते कधीच करणार नाही. रुंद फळीसाठी उघडं टोक कागदाच्या जाडीएवढं वर ठेवायचं, नाहीतर मधोमध रेघ उठते.

आता वीज. कोकणात मशीन बिघडतं ते बहुतेक इथेच. दीड एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ७ ते ९ अँपिअर ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. धूळ ओढणारं मशीन वेगळं. दोन्ही एकाच पॉवर प्लगवर लावू नका. मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमीची तार आणि सी कर्व्हचा, म्हणजे मोटर सुरू होतानाचा जास्त करंट सोसणारा, एमसीबी घ्या. लाइनच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी व्होल्टेज मोजा. ते बरंच पडत असेल तर मोटर जास्त करंट ओढून तापते, आणि ओव्हरलोड स्विच नसेल तर जळते. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंग मोजून घ्या. मोटरच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. ६० हर्ट्झची मोटर आपल्याकडे सहाव्या हिश्शाने हळू फिरते, त्यामुळे परदेशातून आलेलं स्वस्त मशीन महागात पडतं.

धुळीची सोय मशीनच्याच किमतीत धरा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर पुरत नाही. ४ इंची नळीचा, एक-दीड एचपीचा बॅगवाला कलेक्टर लागतो, आणि नळी जितकी आखूड तितकी बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगकारक ठरवला आहे. पडवीत वारा येतो म्हणून मास्क सोडू नका, एन ९५ तरी लावाच.

पावसाळ्यात टेबलाचं लोखंड आणि उंचीचा स्क्रू गंजतो. पेस्ट वॅक्स चोळा, सिलिकॉनचा स्प्रे नको: तो लाकडाला लागला की पॉलिश फुटून डाग पडतात. पेपरचे रोल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर लाकूड घातलं तर भुसा लगद्यासारखा चिकटून पेपर लगेच भरतो.

पेपर ड्रमवर सर्पिल गुंडाळतात आणि दोन्ही टोकांना चिमटीत धरतात. वापरात तो थोडा लांबतो, म्हणून एका टोकाला ढील ओढून घेणारी स्प्रिंगची चिमटी आहे ना, ते बघा. ती नसली तर पेपर एकावर एक चढतो, लाकडावर खाचा उठतात आणि शेवटी फाटतो. घेताना ८०, १२० आणि १५० पुरेत. साग तेलकट असल्याने त्यात पेपर भरतो आणि काळ्या रेघा उठतात. तेव्हा पट्टा थांबवून खोली वाढवू नका. फळी थोडी तिरपी घाला, पट्ट्याचा वेग वाढवा आणि ड्रम फिरत असताना, लाकूड आत नसताना, पेपर साफ करण्याची रबरी कांडी त्यावर हलकेच धरा. तरीही एकच रेघ त्याच जागी येत राहिली, तर पेपरच्या त्या जागी राळ जळून घट्ट झालेली असते. ती पट्टी बदलावीच लागते.