माँट्रियलला पदव्युत्तर शिक्षणासाठी जाताना

मराठवाड्यातून कॅनडातील माँट्रियल येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम अभ्यासक्रमाची भाषा तपासावी. मॅकगिल आणि काँकॉर्डिया या विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवले जाते, तर माँट्रियल विद्यापीठात शिक्षण प्रामुख्याने फ्रेंचमधून होते. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, त्याची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. त्यामुळे वर्ग इंग्रजीत असले, तरी दुकानातील किंवा उपाहारगृहातील अर्धवेळ कामासाठी बहुधा फ्रेंच विचारतातच. पुणे-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत किंवा ऑनलाइन वर्गात प्राथमिक पातळी पूर्ण करून निघणे शहाणपणाचे ठरते.

क्वेबेकमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ शिकायचे असल्यास कॅनडाच्या अभ्यास परवान्याआधी प्रांताचे स्वीकृतीपत्रही मिळवावे लागते, हे अनेकांना उशिरा कळते. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मिळवण्याचे काम त्याहून आधी हाती घ्यावे. सुट्ट्यांच्या दिवसांत विद्यापीठातील टपाल हलत नाही, असे गृहीत धरूनच नियोजन करावे.

घराबाबत विशेष दक्षता हवी. तेथील बहुतांश भाडेकरार १ जुलै ते ३० जून असे असतात आणि वर्ग सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, म्हणून ऑगस्टअखेर पोहोचणाऱ्याला निवड कमी उरते. आपल्याकडे अनामत रकमेशिवाय घराची किल्ली मिळत नाही, परंतु क्वेबेकच्या कायद्यानुसार घरमालकाला पहिल्या महिन्याच्या भाड्यापलीकडे आगाऊ रक्कम मागता येत नाही; तशी मागणी करून घर न दाखवताच पैसे पाठवण्यास सांगणाऱ्या जाहिरातीपासून दूरच राहावे.