उंबर कधी फोडावं म्हणजे केंबरं भेटतात

झाडाखाली पडलेलं लालभडक उंबर उचलायचं, फोडायचं आणि ‘ई, किडे!’ म्हणून फेकून द्यायचं. हे सगळ्यांनी केलेलं असतं. पण त्या फळात बघण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. उंबराच्या आतच जन्मणारे चिमुकले कीटक म्हणजे केंबरं, आणि त्यांच्या माद्या कधीच उडून गेलेल्या असतात. मागे राहतात मेलेले नर आणि आयत्या भोकातून शिरलेल्या मुंग्या. मी शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाही मुलं हीच फळं ओंजळ भरभरून आणायची, आणि आता सोसायटीतली नातवंडंही तेच करतात. उंबर झाडावरूनच काढायचं, आणि योग्य वयाचं काढायचं. सगळी मेख तिथेच आहे.

दत्ताच्या देवळातल्या औदुंबराला हात लावू नका, पुजारीबुवांची समजूत काढण्यात सकाळ जाईल. ओढ्याकाठी, विहिरीजवळ उंबर सापडतोच. घोस खोडालाच लागतात, त्यामुळे शिडी लागत नाही. हे झाड वर्षातून अनेकदा फळतं, म्हणून कॅलेंडर न पाहता घोस पाहून जा. सोबत नवं ब्लेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरी ताटली आणि थोडं खोबरेल तेल घ्या. तेल बोटांना आणि ब्लेडला आधीच चोळा. उंबराचा चीक एकदा चिकटला की साबणाला दाद देत नाही.

पहिलं फळ हिरवं, कडक, मोठ्या गोटीएवढं निवडा. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी मिटलेला बारीक खळगा असतो, तेच फळाचं तोंड. भिंग आधी तिथे धरा. खवल्यांच्या फटीत पारदर्शक पंख अडकलेले दिसले तर मादी आत गेली असं समजा. वाट एवढी चिंचोळी असते की पंख दारातच तुटतात, मिशांची टोकंही जातात. आता फळ देठापासून तोंडापर्यंत उभं कापा. आडवं कापलंत तर तोंडाजवळचा भाग नीट दिसणार नाही. आतल्या भिंतीला दाटीवाटीनं चिकटलेली ती उंबराची फुलं. त्यांच्यावर फिरणारं, दोनेक मिलिमीटरचं, काळपट आणि बिनपंखांचं जे दिसेल ते आपलं केंबरू. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. एकाच फळात अशा अनेक माद्या असू शकतात. छातीवरच्या दोन कप्प्यांत आणलेले पराग ती स्वतः पायांनी काढून फुलांवर घालते, चुकून सांडत नाही. मग फुलाच्या दांडीतून नळी खाली घालून अंडं ठेवते. आखूड दांडीच्या फुलात नळी सहज पोचते आणि तिथे पिल्लू वाढतं. लांब दांडीच्या फुलात बहुधा बी धरतं. बाहेर पडणं तिच्या नशिबात नाही, ती तिथेच मरते.

यानंतर चार ते सहा आठवडे फळ वाढत राहतं. या काळातलं दुसरं फळ न फोडता बाहेरून बघा. सालीवर शेपटीला लांब केसासारखा धागा असलेल्या माश्या बसलेल्या दिसतील. हे फुकटे. पराग आणायचे नाहीत, आत शिरायचं नाही, बाहेरूनच साल भोसकून अंडी घालायची. त्यातल्या अपोक्रिप्टा नावाच्या माशीच्या नळीच्या टोकाला जस्त असतं, म्हणून ते झिजत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये ते दाखवून दिलं. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या झाडावर असतील तर या फुकट्यांची चंगळ चालत नाही. तुमचीही चालणार नाही, तेव्हा बाह्या खाली करून जा.

खरा खेळ तिसऱ्या फळात. ओळखायचं असं: बोटानं दाबलं की किंचित दबतं, हिरव्यावर पिवळसर-लालसर झाक येऊ लागलेली असते, पण सालीवर एकही भोक नसतं. भोक पडलेलं फळ बाजूला टाका. हे उभं कापलंत की आधी नर दिसतील. ते फिकट मधाच्या रंगाचे, बिनपंखांचे, पोट वाकवून चालणारे. ते माद्यांच्या आधी जागे होतात. एकाची पाठ धरा. तो एका फुगीर फुलाला भोक पाडतो, पोटाचं टोक आत घालतो आणि आतल्या मादीचा जन्म व्हायच्या आधीच तिच्याशी जुगतो. मुलांसोबत बघत असाल तर उत्तर तयार ठेवा. हे आटोपलं की नर मिळून फळाच्या भिंतीत बोगदा पाडतात. माद्या तोंडाशी असलेल्या पुंकेसरांवरून पराग कप्प्यांत भरून त्याच वाटेनं उडतात. नर बोगद्याचा फायदा न घेता मरतात, मला त्यांची नेहमी कीव येते.

हे सगळं फळ न कापताही बघता येतं. त्याच वयाची चार-पाच उंबरं काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला जुन्या ओढणीचं कापड घट्ट बांधा. झाकण लावू नका, आत पाणी धरतं. एक-दोन दिवसांत काचेवर काळे ठिपके चालू लागतील. ही केंबरं माणसाला चावत नाहीत. बरणी घरात उघडू नका. हिरवी लहान फळं धरलेल्या दुसऱ्या उंबराखाली नेऊन उघडा, कारण त्यांचं आयुष्य एखाद-दोन दिवसांचंच असतं. तुम्ही नेलं नाहीत तरी वारा नेतोच म्हणा. नामिबियातल्या उगाब नदीकाठी उंबराच्याच गोतावळ्यातल्या झाडाची केंबरं 160 किलोमीटरपर्यंत पराग नेतात, असं 2009 मध्ये छापून आलं.

हे दाखवून झालं की हमखास विचारलं जातं, ‘मग काकू, अंजिरातही हेच?’ सासवडकडचं पुरंदरचं अंजीर परागणाशिवायच धरतं, त्याला केंबरू लागत नाही. तुर्कस्तानात सुकवल्या जाणाऱ्या स्मिर्ना जातीला मात्र लागतं, तिथे रानअंजिराची फळं मुद्दाम झाडाला टांगतात. जैन घरांत तर वड, पिंपळ, उंबर यांच्याबरोबर अंजीरही वर्ज्य. पुरंदरचं कापलंत आणि आत काही वळवळलं, तर ती फळमाशीची अळी असेल. तेवढं फळ टाका, बाकीची खा.